कालचे शंकरराव

"शंकरराव कसे आहेत?" असं चांगुणाबाई ओव्हाळांना विचारलं, की त्या उलट विचारतात, "कशाच्या मानानं?" नव्या माणसाला वाटतं, बाई खोचक आहे. खोचक ती आहेच, पण हा प्रश्न ती मनापासून विचारते.

बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या इमारतीत ओव्हाळांचं बिऱ्हाड आलं तेव्हा शंकरराव अंबरनाथच्या एका कारखान्यात फोरमन होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि जिन्यात कुणाचं पाणी सांडलेलं दिसलं तर दार वाजवून सांगणार, "ताई, कुणीतरी घसरेल." भीमजयंतीच्या कार्यक्रमात माइक बिघडला की व्यासपीठावरून "ओव्हाळ साहेब" अशी हाक जायची. साहेब खाली बसून वायरी जोडायचे, भाषण दुसराच करायचा. घरात मात्र चांगुणाबाईंचं राज्य. "कारखान्यात शंभर माणसं माझं ऐकतात," ते म्हणायचे. "म्हणूनच घरी कुणी ऐकत नाही. तिथंच सगळा कोटा संपतो," हे चांगुणाबाईंचं उत्तर ठरलेलं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, मग बाजारातून घरी यायचा रस्ता, मग मुलाचं नाव. मुलगा मिलिंद त्यांना मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. डिमेन्शिया आहे, हळूहळू वाढत जाणार, असं तिथं सांगितलं. त्या दिवसापासून मिलिंद घरात जरा हळू आवाजात बोलायला लागला. चांगुणाबाई मात्र होत्या त्याच पट्टीत राहिल्या.

पुढं एक सकाळ अशी आली, की शंकररावांनी चहाचा कप हातात घेतला आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुमचे मिस्टर कुठं असतात?"

दुसरी बाई पदर तोंडाला लावून आत गेली असती. चांगुणाबाई म्हणाल्या, "कामावर गेलेत."

"माणूस कसाय?"

"चांगलाय. जरा तापट आहे."

"मग तुम्ही सांभाळून घ्या," शंकरराव म्हणाले. "तुम्ही समजूतदार दिसता."

"हे चाळीस वर्षांत एकदा तरी म्हणाले असते तर!" चांगुणाबाईंनी हे मजल्यावर सगळ्यांना हसत सांगितलं. मग हा संवाद त्यांच्या घरात रोजचाच झाला. सकाळच्या चहाबरोबर शंकरराव त्या मिस्टरांची चौकशी करायचे आणि चांगुणाबाई मूड असेल तसं उत्तर द्यायच्या. कधी मिस्टरांना बढती मिळालेली असायची, कधी ते भाजी आणायला विसरलेले असायचे.

चांगुणाबाईंनी स्वतः आयुष्याची अर्धी वर्षं उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये काढली. एका सिंधी शेटच्या रेडिमेडच्या कारखान्यात त्या चेकर होत्या. बायकांचे गाऊन शिवून यायचे, त्यातला चुकलेला माल त्या बाजूला काढायच्या. कामाला लागल्या तेव्हा त्या प्रत्येक गाऊनला नावं ठेवायच्या. याचा गळाच बरा नाही, याची लेसच हलकी. शेट एक दिवस वैतागले. भिंतीवरच्या खिळ्याला पास झालेला नमुन्याचा गाऊन लटकवला आणि म्हणाले, "माई, अच्छा-बुरा मत देखो. इसके जैसा है कि नहीं, इतना देखो. फरक पकडो, बस." तिथून पुढं त्यांनी फरक पकडला. एखादा कारागीर दुपारनंतर पेंगायला लागला, तर त्याच्या शिलाईवरून त्यांना कळायचं.

नवऱ्याचा आजार आला तेव्हा त्यांनी तोच कायदा घरात लावला. मिलिंद, त्याची बायको स्वप्नाली, भेटायला येणारे पाहुणे, आम्ही शेजारी, सगळेच त्यांना जुन्या ओव्हाळ साहेबांशी लावून बघायचो आणि हळहळायचो. चांगुणाबाईंनी तो जुना नमुना खिळ्यावरून कधीच काढून टाकला होता. त्या आजच्या शंकररावांना कालच्या शंकररावांशी लावून बघायच्या. काल पेपरची चौपदरी घडी घातली होती, आज घातली का? काल भाकरी संपवली, आज का टाकली? मुलाचं नाव विसरलेला हा माणूस संध्याकाळच्या बुद्धवंदनेला एकही शब्द न चुकता साथ द्यायचा. तिथं आवाज आज बसलाय का? कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांचं हे सतत चालू असायचं, कणीक मळता मळता, टीव्ही बघता बघता.

यंदा जानेवारीत बदलापूरला थंडी कडक पडली. शंकररावांचं नाक वाहायला लागलं आणि थोड्याच दिवसांत, एका बुधवारी सकाळी, चहाचा कप समोर तसाच राहिला. मिस्टरांची चौकशी झाली नाही.

"काय हो, आज भांडण झालं का आपलं?" चांगुणाबाईंनी विचारून बघितलं.

शंकरराव त्यांच्याकडं बघतच नव्हते. कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात कुणीतरी बसलंय आणि ते उतरत नाहीये, असं काहीतरी ते पुटपुटत होते. मध्येच डुलकी लागायची, मान खाली जायची, घास तोंडातच राहायचा. दचकून उठले की पायजम्याच्या नाडीशी झटापट. दुपारी स्वप्नाली नाडी नीट बांधायला गेली तर त्यांनी तिच्यावर हात उगारला. आयुष्यात कधी सुनेपुढं बनियनवर न बसलेला माणूस. ती बिचारी रडत बाहेर आली. कपडे सारखे थोडे थोडे ओले होत होते म्हणून मिलिंदनं मोठ्या माणसांचे डायपर आणले.

"आई, मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, याच्या स्टेजेस असतात," संध्याकाळी तो म्हणाला. "ही पुढची स्टेज आहे. हे होणारच होतं."

वांगणीच्या पुढं अशा आजाऱ्यांसाठी एक घर आहे, ते तो दिवाळीतच बघून आला होता. चांगल्या मनानंच. आईची पाठ गेली होती, स्वप्नाली नोकरी करून घर बघत होती. चांगुणाबाईंनी तेव्हा "बघू" म्हणून विषय टांगून ठेवला होता. आता मिलिंदनं तिथं फोन केला. जागा रिकामी होती. रविवारी घेऊन या, म्हणाले. त्रास देत असतील तर शांत राहायच्या गोळ्या देऊ.

भागीरथीकाकू समोरच राहतात. इथल्याच शेतकरी घरातल्या, सासू-सासरे दोघांचं शेवटपर्यंत केलेल्या. त्यांनी शंकररावांना बघितलं आणि चांगुणाबाईंचा हात धरून म्हणाल्या, "बाय, मानूस परतीला लागला का असाच करतं. तू आता जीवाला लावून नको घेऊ."

त्यांचा शब्द मजल्यावर मानला जातो. चांगुणाबाईंनीही तो मानला. त्या दिवशी वंदना त्यांनी एकट्यानंच म्हटली. नंतर त्या मला म्हणाल्या, "मला पण वाटलं, संपलं. आपण उगाच दोरी ताणून धरलीय." पण मन तिथं बसेना. कारण मंगळवारचा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मंगळवारी त्या माणसानं पेपरची घडी घातली होती, मंगळवारी मिस्टरांना डोक्याला तेल लावायचा सल्ला पाठवला होता.

गुरुवारी सकाळी मिलिंद ऑफिसला निघताना त्या दारात उभ्या राहिल्या.

"आज सुट्टी टाक. ह्यांना डॉक्टरांकडं न्यायचंय."

"आई, कशाला? डॉक्टर काय नवीन सांगणार? सात वर्षं झाली."

"तेच म्हणते मी. सात वर्षं जो आजार मुंगीच्या पावलानं चाललाय, तो मंगळवार ते बुधवार एवढा पळाला कसा? जिना उतरणारा माणूस एकेक पायरी उतरतो रे. हे गच्चीवरनं पडल्यासारखं झालंय."

"पण ते आधीपासूनच..."

"तू त्यांना तुझ्या लहानपणच्या पप्पांशी लावून बघतोस. मग तुला रोजच सगळं गेलेलं दिसतं. परवाचं गेलं काय आणि आजचं गेलं काय, तुला सारखंच. मी कालच्याशी लावते. ह्यांच्यात काहीतरी दुसरं शिरलंय. आजारात आजार शिरलाय."

मिलिंद चिडला. "तुला सोडवतच नाही ना त्यांना! म्हणून काहीतरी शोधत बसतेस."

हे त्यांना लागलं. पण उत्तर त्यांनी सरळच दिलं. "नाही सोडवत. आणि म्हणूनच चुकत असेन तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचंय. त्या म्हणाल्या हा तोच आजार आहे, तर रविवारी मी स्वतः त्यांची पिशवी भरीन. मग तर झालं?"

मिलिंदनं बूट काढले.

शंकररावांना दोन मजले उतरवणं सोपं नव्हतं. ते पायरी सोडेनात. चांगुणाबाईंनी त्यांचे हात स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि पाठमोऱ्या, एकेक पायरी उतरल्या. शंकरराव त्यांना शिव्या देत होते, ज्या शिव्या त्यांना येतात हेच कुणाला माहीत नव्हतं. "द्या, द्या," चांगुणाबाई म्हणत होत्या, "पण पाय उचला." रिक्षात शंकरराव दोघांच्या मध्ये वाकडे बसले. रस्ताभर नाडीशी झटापट.

डॉक्टर वैदेही स्टेशनाजवळ बसतात, वर्षानुवर्षं ओव्हाळांच्या घरच्या डॉक्टर. त्यांनी विचारलं, "हे कधीपासून?"

मिलिंद सांगायला लागला, "मॅडम, सात वर्षांपासून त्यांना..."

"ते मला माहितेय. हे, आत्ताचं?"

"मंगळवारपर्यंत बरे होते," चांगुणाबाई म्हणाल्या. मग स्वतःच थांबल्या. "बरे म्हणजे बिघडलेलेच होते. पण नेहमीचे बिघडलेले. हे नेहमीचं नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शंकररावांना तपासायच्या टेबलावर आडवं केलं आणि बेंबीच्या खाली हात ठेवला, तशी शंकररावांनी आरोळी ठोकली. पोट कलिंगडासारखं टणक झालं होतं.

"लघवी कधी झाली?"

"होतेय ना," मिलिंद म्हणाला. "सारखी थोडी थोडी. डायपर लावलाय."

"ती होत नाहीये, ती ओसंडतेय. टाकी काठोकाठ भरली की वरनं थेंब थेंब गळते, तसं. आत सगळी तुंबलीय. यांना दुखतंय, पण कुठं दुखतंय हे सांगायला शब्द नाहीत. म्हणून चिडतायत, म्हणून नाडी ओढतायत." त्यांनी चांगुणाबाईंकडं बघितलं. "नवीन काही औषध सुरू केलंय?"

"नाही."

"नक्की? कुणी दिलेलं, मेडिकलमधून आणलेलं?"

"नाही हो. एक गोळी इकडची तिकडं होऊ देत नाही मी."

"सर्दी झालेली दिसतेय. त्याला काही?"

"ते काय," चांगुणाबाई म्हणाल्या. "सर्दीची गोळी दिली सकाळ-संध्याकाळ. चार दिवस झाले. ते काय औषध आहे?"

आणि म्हणता म्हणताच डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, की होतं.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्या म्हाताऱ्या माणसांना झेपत नाहीत, डॉक्टरांनी समजावलं. झापड येते, भास होतात, आणि शंकररावांसारखी प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडते. अडलेल्या लघवीत मग जंतू वाढतात. धडधाकट माणसाला ताप येतो, थंडी वाजते. अशा आजाऱ्याचं डोकं आधी बिघडतं, ताप येईल न येईल. "सगळ्याच घरांत देतात या गोळ्या, मावशी. तुम्ही निराळं काही केलं नाहीत. पण आता लगेच दवाखान्यात दाखल करा. तुम्ही आणलंत ते बरं केलंत. हा आजार एका दिवसात असा बदलत नाही. बदलला, तर दुसरं काहीतरी असतं आणि ते शोधायचं असतं."

"म्हणजे पहिल्यासारखे होतील?" मिलिंदनं विचारलं.

"कितपत माघारी येतील ते आत्ता सांगता येणार नाही. काही जण पूर्ण येतात, काही थोडे मागेच राहतात. वाट बघू."

दवाखान्यात नळी घातल्याबरोबर शंकररावांचा उगारलेला हात खाली आला. ते झोपले. मिलिंद खुर्चीत बसून पिशवीत भरत जाणाऱ्या त्या लघवीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मी डायपर लावत होतो, आई. वरनं."

"आणि मी गोळी देत होते," चांगुणाबाई म्हणाल्या. "आता दोघं रडत बसलो तर ह्यांना पाणी कोण पाजणार? चमचा दे तिकडचा."

पुढचे दिवस कठीण गेले. तपासणीत जंतू निघाले, सलाईनमधून औषध सुरू झालं. नळी निघाली की लघवी पुन्हा अडणार नाही ना, याची वेगळी काळजी. शंकरराव जागे झाले की भिंतीकडं बघायचे, कुणाच्याच हाकेला ओ द्यायचे नाहीत. नर्सनं विचारलं, "आजी, आधी बोलायचे का?" तर चांगुणाबाई म्हणाल्या, "फालतू खूप बोलायचे." आणि मग पहिल्यांदा त्यांचा आवाज कापला. भागीरथीकाकू डबा घेऊन गेल्या होत्या, त्यांनी तो ऐकला. इमारतीत येऊन त्या म्हणाल्या, "मी परतीचा बोललू, चुकलू. पन माघारी आला तर फुकाट बोलायलाच हवा त्याला. नायतर हिचा कसा व्हायचा?"

रविवार दवाखान्यातच गेला. वांगणीच्या घरून फोन आला, तो मिलिंदनं व्हरांड्यात जाऊन घेतला.

मग एका सकाळी नर्सनं उपमा आणला. चांगुणाबाईंनी चमचा पुढं केला. शंकररावांनी घास घेतला, चावला, तोंड वाकडं केलं आणि ताटली हातानं मागं सारली.

"मीठ नाही यात," ते म्हणाले. "कॅन्टीनवाल्याला बोलवा. रोजची तक्रार आहे माणसांची."

चांगुणाबाई ताटली खाली ठेवून बाहेर गेल्या आणि त्यांनी मिलिंदला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता, घाबरून बाहेर आला. "काय झालं?"

"मीठ नाही म्हणाले!"

"काय?"

"अरे, उपम्यात मीठ नाही म्हणाले! कॅन्टीनवाल्याला बोलवा म्हणाले!" व्हरांड्यातली माणसं वळून बघत होती. मीठ नसल्याचा एवढा आनंद झालेली बाई त्यांनी बघितली नसेल.

शंकरराव घरी आले ते बरे होऊन नव्हे. मुलाचं नाव आलं नाही, घराचा रस्ता आला नाही, चांगुणाबाई बाईच राहिल्या. चालणं मात्र आधीपेक्षा थोडं मंदावलं, ते मंदच राहिलं. भेटायला आलेल्या पाहुण्यांनी नेहमीसारखी हळहळ केली, "अरेरे, काहीच सुधारणा नाही." चांगुणाबाईंनी त्यांना पेढा दिला.

मिलिंदला वाटलं होतं, आता आई वांगणीचं नावही काढू देणार नाही. त्यानं आपणच सांगितलं, "मी तिथं नाही म्हणून कळवतो."

"नाही म्हणू नको. पुढं बघू म्हण," चांगुणाबाई म्हणाल्या. "माझी पाठ अजून किती टिकेल मला ठाऊक नाही. जायची वेळ आली तर जातील, मी रोज जाऊन बसेन. पण गेले तर आपल्या आजारानं जातील. लघवी तुंबून येडा झालेला माणूस आपली स्टेज आली समजून तिथं टाकून यायचा, हे माझ्याच्यानं होणार नव्हतं."

मिलिंदनं वांगणीला लावायला काढलेला मोबाइल परत खिशात घातला.

"आणि दुसरं ऐक. मी एकटीच बघत होते, म्हणून गोळीचं माझ्या ध्यानात आलं नाही. एका माणसाची नजर मरते. कारखान्यात पण थोड्या थोड्या वेळानं चेकर बदलायचे. आता शनिवार तुझा. मी घरात नसणार. जेवण-खाण, अंघोळ, सगळं तू."

"मला नाही जमणार, आई. मला त्यातलं काही कळत नाही."

"कळायचं काय त्यात? चहा द्यायचा आणि गप्पा मारायच्या. आणि बघायचं. चांगलं-वाईट नको बघू, फरक बघ."

पहिल्या शनिवारी मिलिंदचे दिवसभरात एवढे फोन आले, की चांगुणाबाईंनी मोबाइल पर्सच्या तळाशी टाकला. टॉवेल कुठला, भाजी किती मऊ, पप्पा विचारतायत तुम्ही कुठल्या गावचे तर काय सांगू. "खरं सांग, इथलाच म्हणून," त्या म्हणाल्या. दुसऱ्या शनिवारी फोन कमी झाले. त्याच्या पुढच्या शनिवारी दुपारपर्यंत एकही नाही.

त्या दिवशी त्या अंबरनाथला मुलीकडं, अस्मिताकडं, होत्या. शिवमंदिराच्या बाजूला तिचं घर. अस्मितानं बोंबलाचं कालवण केलं होतं. पहिली भाकरी अर्धी झाली आणि फोन वाजला.

"आई, पप्पा आज वेगळे आहेत," मिलिंद म्हणाला. आवाज शांत होता.

चांगुणाबाईंचा घास हातात राहिला. "काय वेगळे?"

"मी उजवीकडनं बोललो की लक्षच देत नाहीत. डावीकडनं बोललो की लगेच बघतात. आणि सारखा उजवा कान चोळतायत."

"कधीपासून?"

"आज सकाळपासून. काल नव्हतं. काल मी दोन्हीकडनं बोललो होतो, ऐकत होते. मी बघितलंय."

"खाल्लं?"

"सगळं खाल्लं. पाणी प्यायले. लघवी साफ झाली. ताप नाही. नवीन औषध कुठलंच नाही, मी स्वप्नालीला पण विचारलं. वैदेही मॅडमना फोन केला, त्या चार वाजता घेऊन या म्हणाल्या. कानात मळ असेल म्हणाल्या, पण बघू. तू येतेस?"

चांगुणाबाईंनी घास कालवणात बुडवला.

"मी येऊन काय करू? तू बघितलंयस ना. रिक्षात डावीकडं बस त्यांच्या," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"जायचंय का तुला?" अस्मितानं विचारलं. तव्याखालचा गॅस तिनं बंद करायला घेतला होता.

"बंद नको करू. अजून एक टाक."